घरच्या लाकडाची शेड: आधी पट्ट्या

आपल्याच झाडांच्या लाकडाची शेड बांधायची तर सगळ्यात आधी पट्ट्या. झाड पाडायच्या आधी, चेनसॉ आणायच्या आधी, सुताराशी बोलायच्याही आधी. इंचभर जाड, दीड इंच रुंद, चार फूट लांब अशा कोरड्याठाक पट्ट्या. कापलेल्या फळ्यांच्या दोन थरांमध्ये त्या आडव्या घालायच्या, म्हणजे मधून वारा फिरतो आणि फळी दोन्ही अंगांनी सारखी सुकते. एवढंच काम. पण हे काम दुसरं काहीही करत नाही.

मागच्या खेपेला मी सगळं जमवलं होतं, पट्ट्या सोडून. म्हटलं, कापताना तुकडे निघतीलच, तेच लावू. निघालेले तुकडे ओले होते, जाडी कुठे पाऊण इंच तर कुठे सव्वा. ओल्या तुकड्याखाली आंब्याच्या फळीवर काळानिळा पट्टा उठतो, बुरशी आत शिरते. जाडी कमीजास्त असली की वरच्या थरांचं वजन फळीला वाकवून ठेवतं आणि ती तशीच वाकडी सुकते. सुकलेली वाकडी फळी पुढे सरळ होत नाही, कितीही खिळे मारा.

हिशोब करून ठेवा. 10 फुटी 100 फळ्या, एका थरात 5, म्हणजे 20 थर. दर दोन फुटांवर एक पट्टी, दोन्ही टोकांना धरून थराला 6. झाल्या 120 पट्ट्या, म्हणजे 480 फूट. हे फक्त 100 फळ्यांचं. जुन्या घराच्या उतरवलेल्या रिपा, म्हणजे छपराच्या आडव्या पट्ट्या, कुणाकडे पडल्या असतील तर मागून आणा, त्यांचे खिळे काढा, एका जाडीत फाडून घ्या. नाही मिळाल्या तर गिरणीतून सुकं लाकूड विकत घ्या. घरी एवढी झाडं असताना लाकूड विकत काय घ्यायचं, असं घरातलं कुणीतरी म्हणेल. घ्यायचंच.

आता कागद. मी लिहितोय ते कोकणातल्या राजापूर-लांज्याकडचं, स्वतःच्या मालकीच्या जागेतल्या झाडांचं. झाड आपलं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चिंच हे सगळे आहेत. परवानगी लागते, अर्ज वनखात्याकडे. सातबारावर दोन-चार नावं असतील तर सगळ्यांची संमती लागणार, आणि त्यातला एक चुलता हमखास नालासोपाऱ्याला असतो, त्याला आधी फोन करा. लाकूड रस्त्यावरून न्यायचं असेल तर वाहतुकीचा पास वेगळा. पट्टा-करवतीचं हलतं यंत्र आणणार असाल तर त्याला परवाना लागेल का, हेही त्याच खेपेत वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात विचारून घ्या. ग्रामपंचायतीचं बांधकामाचं काय ते बघा.

मग आकार, आणि तो कागदावर. झाड पाडून झाल्यावर आकार ठरवणारे लोक मी पाहिलेत. धरा 40 बाय 20 फुटांची शेड, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू), मध्ये आढं (वरचा आडवा कणा). पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून पाखं भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी हवं. मग अर्धी रुंदी 10 अधिक 3, झाले 13, आणि 30 अंशांच्या उताराला आढ्यापासून पाखाच्या कडेपर्यंतचा वासा बरोबर 15 फुटी लागतो. म्हणजे ओंडका 16 फुटी हवा, कारण टोकं तडकतात आणि कापून टाकावी लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात म्हणून सगळे ओंडके 10 फुटी केलेत तर वासे जोडून घ्यावे लागतील आणि प्रत्येक सांध्यावर सुतार तुमच्याकडे बघेल. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर रंगाने लिहा: यातून खांब, यातून वासे, यातून फळ्या.

कुठलं लाकूड कशाला? ऐन आणि किंजळ खांबांना, तुळयांना. फणस कशालाही चालतो, गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण फणसावर घरातल्या बायकांचा हक्क असतो, न विचारता हात लावू नका. आंबा फक्त आतल्या फळ्यांना, आणि तोही औषध दिलेला. अकेशिया वाकडा वाढतो, तरी आखूड तुकडे उत्तम निघतात. जून माडाचे वासे चालतात, मात्र बाहेरचा कडक भाग ठेवून आतला भुसभुशीत टाकून द्यावा लागतो. कुठल्याही झाडाचा सालीलगतचा पांढरा भाग कीड आधी खाते. खांबांवरून तो काढूनच टाका, कितीही जीव तुटला तरी.

माल किती निघेल? आपल्याकडे व्यापारी गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. 4 फूट गोलाईचा 10 फुटी ओंडका म्हणजे 10 घनफूट. खरं लाकूड त्यात पावणेतेराच्या आसपास असतं, पण हातात येणारा कापीव माल बराच कमी. चेनसॉची साखळी प्रत्येक कापाला आठ-नऊ मिलिमीटरचा भुसा करते, पट्टा-करवत दोन-तीन मिलिमीटरचा. चेनसॉने इंची फळ्या कापल्यात तर तीन फळ्यांमागे एक फळी निव्वळ भुशात गेली म्हणून समजा. आडवं कापायची साखळी उभं चिरायला वापरू नका, उभ्यासाठी वेगळी धार लागते, दहा अंशांच्या आसपासची. दोन-तीन साखळ्या, कानस, साखळीचं तेल. चष्मा-हेल्मेट, कानात बोळे, जाड बूट. एकट्याने अजिबात नाही. एवढ्यावर थांबतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: कुंपणालगतचं किंवा वाटेवरचं झाड असेल तर खोडात लोखंड आहे असंच धरा. जुनी काटेरी तार, कुणीतरी ठोकलेला खिळा, गुरं बांधायची कडी, वर्षानुवर्षं लाकूड वाढून हे सगळं आत गिळलेलं असतं. बाहेरून एखादा काळसर डाग दिसला तर तिथे लोखंड असण्याची शक्यता मोठी. तेवढा बुंधा सोडा. साखळीचे दात जातात ते जातात, साखळी तुटून उडाली तर माणूस जातो.

पाडायचं दिवाळीनंतर. अमावास्येचा नियम पाळायचा तर पाळा, चंद्राने काही बिघडत नाही, हंगामाने बिघडतं. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी, बेताच्या उन्हाची हवा फळीला हळू सुकवते. एप्रिलच्या उन्हात ताजा ऐन कापलात तर संध्याकाळपर्यंत टोकं फाटलेली दिसतील. ओंडका आडवा झाला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना डांबर किंवा जुना ऑइलपेंट चोपडा, जाड. पाणी टोकांतून फार लवकर निघून जातं, म्हणून तडा तिथून सुरू होतो.

आणि कापायला सुरुवात करायच्या आदल्या दिवशी पट्ट्या मोजा. हो, परत. कापायला माणसं आली, मशीन सुरू झालं की फळ्या भराभर पडत जातात, आणि पडलेली ओली फळी दुसऱ्या ओल्या फळीवर "तात्पुरती" ठेवली जाते. तात्पुरती म्हणजे जेवण होईपर्यंत, मग उद्या सकाळपर्यंत, मग मशीनवाला जाईपर्यंत. दमट हवेत तेवढ्यातच बुरशी धरते. फळी पडली की लगेच पट्टीवर. त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा ज्याचं दुसरं काही काम नाही.

रास कशी लावायची ते नीट वाचा. खाली चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) ओळी, जमिनीपासून फूटभर उंच, आणि त्या एका पातळीत, पाण्याची नळी लावून. पातळी चुकली तर अख्खी रास पिळवटते. मग फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट. मग पट्ट्या. वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर, उभ्या रेषेत, वरपासून चिऱ्यापर्यंत. ती इकडेतिकडे झाली की वजन फळीच्या पोटावर येतं. पट्ट्या फळीच्या अगदी टोकाशी हव्यात, आत नकोत, नाहीतर बाहेर राहिलेलं टोक वाकतं नि तडकतं. माथ्यावर वजन म्हणून आणखी चिरे. वर जुने पत्रे, बाजू उघड्या. ताडपत्रीने रास गुंडाळू नका. गुंडाळलेली रास वरवंट्याखाली ठेवलेल्या ओल्या धोतरासारखी कुबट होते. उन्हात नको, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत. राशीत फुरसं येऊन बसतं, हात घालायच्या आधी काठी.

औषध रास लावतानाच. आंबा आणि पांढरा भाग असलेल्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा. 100 लिटरला 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक. हातमोजे घाला, गुरं-पोरं लांब ठेवा. हे पावसाने धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या लाकडालाच. उघड्यावरच्या खांबांच्या बुडाला आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात ते उत्तम, पण अंगावर उडालं की कातडी सोलवटते. आणि औषध दिलं म्हणून पट्ट्यांची गरज कमी होत नाही. औषध किड्यासाठी आहे, पट्टी वाऱ्यासाठी.

सुकलं कधी म्हणायचं? इंची फळी दिवाळीनंतर कापली तर शिमग्यानंतर हाताला हलकी लागायला लागते. पण हातावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक लाकडाची एक फळी निवडून काजू मोजायच्या काट्यावर दर आठवड्याला ठेवा, वजन खडूने फळीवरच लिहा. उतरायचं थांबलं की झालं. जाड तुळयांना हे नियम लावू नका, त्या वर्षभरात सुकणार नाहीत. खांब-तुळया ओल्याच घडवा. ऐन सुकला की पटाशी (लाकडाची छिन्नी) टणकन उडते. ओल्या ऐनात कुसू (भोकात बसणारं टोक) आणि भोक दोन्ही सहज पडतात, फक्त नंतर आकसून सांधा सैल होतो, म्हणून बोल्ट असा घाला की पुढच्या वर्षी पाना लावून आवळता येईल. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड. साधं लोखंड ओल्या ऐनात काळं पडतं नि गंजतं.

फळ्या राशीत असताना जोतं, म्हणजे शेडचा पाया, घ्या. कातळ असेल तर खणायचा वेळ दुप्पट धरा, ब्रेकरवाला सांगेल त्या दिवशी येत नाही. काटकोन 6-8-10 ने (बाजू 6 आणि 8 फूट, तर तिरकं माप 10), मग दोन्ही कर्ण मोजून. खांब मातीत पुरायचा नाही. काँक्रीटवर तळखडा (खांबाखालचा दगड), तळखड्यात लोखंडी बूट, त्यात खांब, जमिनीपासून वीतभर तरी वर. पागोळ्यांचं पाणी आपटून उडतं तेवढी उंची कोरडी राहायला हवी, आणि वाळवी चढताना दिसायला हवी.

खांब उभे करायला माणसं लागतात, आणि गावात माणसं शिमग्याला असतात. पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी उभारणी ठेवा; चाकरमानी परत जायच्या आत. सगळे सांधे आधीच जमिनीवर लावून, त्यांवर नंबर घालून, उघडून ठेवलेले हवेत. त्या दिवशी मापं काढत बसलात तर लोक चहा पिऊन निघून जातील. चैनपुली, दोरखंड, तात्पुरते टेकू, ओळंबा. प्रत्येक कोपऱ्याला तिरकं लाकूड लगेच ठोका, नंतर नाही.

वाऱ्याचं सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-दापोलीकडे छपरंच्या छपरं उडाली, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर गेलं. पत्र्याला वारा खालून उचलतो. म्हणून रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्याला, असं लोखंडी पट्टीने सलग बांधलेलं हवं. एक जागा सोडली तर छप्पर तिथूनच सुटणार.

पत्र्याचे हूक फुगवट्यावर, खोलगट भागात नाही. रबरी वॉशर. पत्र्याची चढण, म्हणजे एकावर दुसरा पत्रा चढतो ती कड, पश्चिमेच्या वाऱ्याकडे तोंड करून नको. आढ्यावर कोपरी पत्रा. हे पंधरा मेच्या आत.

भिंतीच्या फळ्या उभ्या लावा, प्रत्येक फळीला एकाच कडेला खिळा, फटीवर दुसरी अरुंद फळी. दोन्ही कडांना खिळे मारलेत तर पावसात फुगून उन्हाळ्यात फाटेल. खिळ्याला आधी भोक. या फळ्या पट्ट्यांवर सुकलेल्याच हव्यात, "बऱ्यापैकी सुकलेल्या" नकोत. पश्चिमेच्या भिंतीला पहिल्या वर्षी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा.

पन्हळ, वायरिंग, रंग, ज्याचं त्याने बघावं. दार सगळ्यात शेवटी, आणि खाली अर्धा इंच मोकळं ठेवून. जुलैत ते फुगतंच.