सेल्फ प्रायमिंग मोटर बसवताना सक्शन पाइप कसा जोडावा

सेल्फ प्रायमिंग म्हणजे ओढणाऱ्या पाइपमधली हवा स्वतःच काढून पाणी वर आणणारा पंप. पण "सेल्फ प्रायमिंगला पाणी भरावं लागत नाही" हे अर्धसत्य आहे. पहिल्या वेळी केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, काठोकाठ भरावंच लागतं. बंद झाल्यावर त्यातलं थोडं पाणी पंप राखून ठेवतो. पुन्हा सुरू केला की इंपेलर (आतलं फिरतं चाक) सक्शनमधली, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपमधली, हवा त्या पाण्यात घुसळतो, हवा डिलिव्हरीतून (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपातून) निघून जाते, पाणी खाली उतरून परत फिरतं. अशी सगळी हवा उपसली की हौदातलं पाणी चढतं. कोरडा फिरवलात तर मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याजवळ पाणी गळू न देणारा भाग) जळेल.

हवा स्वतःच उपसतो म्हणूनच हौदातून गच्चीच्या टाकीत पाणी चढवायला किंवा सांगलीत पूर ओसरल्यावर तळघरं उपसायला हाच पंप सोयीचा.

आधी पाण्यापासून पंपापर्यंतची उंची मोजा. समुद्रसपाटीलाही हवेचा दाब पाणी 10.3 मीटरच चढवतो आणि आपण समुद्रसपाटीहून वर राहतो, म्हणजे दाब आणखी कमी. उभी उंची 6 मीटरच्या आत ठेवा. कृष्णाकाठी ही उंची मे महिन्यातल्या पातळीपासून धरा, पावसाळ्यातल्या नव्हे. विहीर खोल असेल तर सरळ सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) घ्या.

फाउंडेशन आणि वायरिंग नेहमीसारखंच.

आता सक्शन पाइप. याच कामाने मला सर्वांत जास्त छळलं आहे. डिलिव्हरीचा जोड गळला की पाणी ठिबकतं, लगेच दिसतं. सक्शनचा जोड सैल असेल तर बाहेर थेंबही येत नाही, तो आत हवा ओढतो. मोटर नुसती गरगरते, मिस्त्री म्हणतो पंपच खराब आहे, आणि लोक नवा पंप आणतात. नका आणू. साबणाचा दाट फेस करून चालू पंपाच्या सक्शनच्या प्रत्येक जोडाला लावा, मोटरच्या वायरींपासून दूर राहून. फेस जिथे आत ओढला जाईल तिथेच दोष. थ्रेडला टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळा, युनियनचा (पाइप खोलता येणाऱ्या जोडाचा) वॉशर बदला.

दुसरी गोष्ट चढाची. पाइप पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता हवा. मध्ये उंटासारखं कुबड आलं की तिथे हवा अडते. भिंत चुकवायला एल्बो लावून पाइप वर नेऊन खाली आणणं मी कुणालाही करू देत नाही, त्यापेक्षा भिंत फोडा. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक तर कधीच नको.

सुरू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, हवेला निघायला वाट हवी. तीन-चार मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा, केसिंगमधलं पाणी तापलंय का पाहा, थंड झाल्यावर पुन्हा भरा आणि परत सक्शनचेच जोड तपासा.