‘उच्च शिक्षण सर्वांना मोफत असावे’ : या प्रस्तावावर बोलण्याची तयारी कशी करावी

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये ‘सरकारने उच्च शिक्षण सर्वांसाठी मोफत करावे’ हा प्रस्ताव शब्द बदलून पुन्हा पुन्हा सभागृहापुढे येतो. पहिल्या दोन-तीन वक्त्यांनंतर उरलेली भाषणे कशी असणार, याचा अंदाज परीक्षकांना आलेला असतो. अनुकूल बाजू शिक्षण हा हक्क असल्याचे सांगते, प्रतिकूल बाजू रिकाम्या तिजोरीकडे बोट दाखवते आणि दोघांचे बोलणे समांतर रुळांवरून निघून जाते. हा विषय ज्यांना मिळाला आहे, त्यांनी तयारी कोणत्या क्रमाने करावी, याविषयी हे मार्गदर्शन आहे. आपल्याकडील बहुतेक स्पर्धांत संघातील एक वक्ता अनुकूल आणि दुसरा प्रतिकूल बोलत असल्यामुळे दोघांनी तयारी एकत्र बसूनच करावी. समोरच्याचा मुद्दा स्वतः बांधून पाहिल्याशिवाय तो कुठे कच्चा आहे हे कळत नाही.

पहिले काम म्हणजे ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ ठरवणे, आणि त्यासाठी शब्दकोशापेक्षा महाविद्यालयाची शुल्क पावती अधिक उपयोगी पडते. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या एखाद्या मित्राची पावती मागून घ्यावी आणि तिच्यातील शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विकास शुल्क, अनामत रक्कम अशी शीर्षे वेगवेगळी लिहून काढावीत. त्याच कागदावर दुसऱ्या बाजूला पावतीत न दिसणारा खर्च मांडावा : खोलीचे भाडे, मेस, एसटीचा पास, पुस्तके, आणि घरी राहून काम केले असते तर मिळाली असती ती मजुरी. गावाहून शहरात आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही दुसरी बाजू अनेकदा पहिलीपेक्षा जड भरते. आता प्रस्तावातील ‘मोफत’ म्हणजे यांपैकी नेमके काय, हे भाषणाच्या पहिल्या मिनिटात सांगून टाकावे. जो वक्ता व्याख्या करतो, तो पुढचा वाद स्वतःच्या मैदानावर खेळतो.

या भेदाचे उत्तम उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील काही राज्यांनी २००५ च्या न्यायालयीन निर्णयानंतर शिक्षण शुल्क सुरू केले होते, पण २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घेतले गेले आणि आज बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नाही. (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते.) तरीही पुण्याहून किंवा नाशिकहून जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी राहण्या-जेवण्याच्या खर्चापोटी वर्षाला ११,९०४ युरोंची तरतूद दाखवावी लागते, आणि त्यासाठी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असे खाते) उघडतात. शुल्क शून्य आणि उंबरठा मात्र दहा लाख रुपयांच्या वर, अशी ही स्थिती आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट आहे’ एवढेच म्हणून थांबणाऱ्या वक्त्याला प्रतिपक्षाने येथेच अडवावे.

दुसरा शब्द ‘सर्वांना’. प्रत्यक्षात सरकारे बहुधा ‘सर्वांना’ देत नाहीत, रेषा आखून देतात, आणि ही रेषा कुठे व कशी आखली आहे हे तपासणे हा तयारीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. त्यापूर्वी ती पन्नास टक्के होती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा, या अटी आहेत. व्यवस्थापन कोट्यातील जागांना हा लाभ नाही. या निर्णयामुळे पडणारा अतिरिक्त भार सुमारे ९०६ कोटी रुपये सांगितला गेला. आयआयटीची पद्धत वेगळी आहे. तेथे २०१६ मध्ये पदवीचे वार्षिक शिक्षण शुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर नेले, पण अनुसूचित जाती, जमाती, दिव्यांग आणि १ लाखाहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ केले, तर १ ते ५ लाख उत्पन्नगटाला दोन-तृतीयांश माफी दिली. चिलीमध्ये २०११ च्या विद्यार्थी आंदोलनांनंतर २०१६ पासून उत्पन्नाने तळाच्या निम्म्या कुटुंबांसाठी शिक्षण मोफत झाले आणि २०१८ मध्ये ही मर्यादा साठ टक्क्यांपर्यंत वाढली.

ही तिन्ही उदाहरणे दोन्ही बाजूंना वापरता येतात, मात्र वेगवेगळ्या टोकाने धरून. प्रतिकूल वक्त्याने म्हणावे की ज्याला परवडते त्याच्याकडून घ्यावे आणि ज्याला परवडत नाही त्याला माफ करावे, हेच न्याय्य आहे. अनुकूल वक्त्याने रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे सभागृहाचे लक्ष वेधावे. आठ लाखांच्या खाली दहा हजार उत्पन्न असलेल्या घरातील मुलीला पूर्ण सवलत मिळते आणि वर दहा हजार असलेल्या घरातील मुलीला काहीच मिळत नाही. शिवाय रेषा आली की उत्पन्नाचा दाखला आला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आले, सेतू केंद्रातील रांग आली, आणि शासनाची प्रतिपूर्ती उशिरा येते म्हणून आधी शुल्क भरण्याचा आग्रह धरणारे महाविद्यालयही आले. पगारदाराचे उत्पन्न कागदावर पैसा न पैसा दिसते आणि व्यापाऱ्याचे दिसत नाही, हाही मुद्दा मांडावा. ‘सर्वांना मोफत’ या मागणीचे बळ भावनेपेक्षा या कागदपत्रांतून मिळणाऱ्या सुटकेत जास्त आहे, असे माझे मत आहे; दुर्दैवाने अनुकूल वक्ते ते क्वचितच वापरतात.

यानंतर पैसा कोणाचा, हा प्रश्न घ्यावा, आणि त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन मुळातून वाचावे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. प्रतिकूल वक्ते बहुधा एवढाच भाग उचलतात. त्याच निवेदनात फुल्यांनी सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेऊ नये, असेही बजावले आहे आणि ते सर्वांच्या आवाक्यात यावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. अर्धे निवेदन वापरणाऱ्याला उरलेले अर्धे वाचून दाखवणे, याहून चांगले खंडन या विषयात सापडणे कठीण आहे.

फुल्यांचा मूळ आक्षेप आजच्या आकड्यांवर तपासून पाहावा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण नोंदणी गुणोत्तर (वयोगटातील लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणी) २८.४ टक्के होते, म्हणजे १८ ते २३ वयोगटातील ढोबळमानाने दहापैकी सात तरुण महाविद्यालयात नव्हते. पण साबण, मोबाइल रिचार्ज किंवा मोटरसायकल घेताना वस्तू व सेवा कर त्यांचे आईवडीलही भरतात. मग जागा मोफत केली, तर ती कोणाला मिळेल? सरकारी महाविद्यालयातील जागा सीईटी, जेईई, नीटच्या गुणांवर मिळते आणि ते गुण मिळवण्यासाठी लातूरला किंवा कोट्याला दोन वर्षे राहण्याचा खर्च आधीच झालेला असतो. प्रतिकूल बाजूचा हा सर्वांत धारदार मुद्दा आहे. त्यावर अनुकूल बाजूने दोन उत्तरे तयार ठेवावीत : पदवीधर पुढे जास्त कमावतो तेव्हा आयकराच्या चढत्या दराने तो परतफेड करतोच, आणि गुणोत्तर कमी असण्यामागे शुल्काची भीती हेही एक कारण असेल, तर त्या कमी गुणोत्तराचाच आधार घेऊन शुल्क कायम ठेवणे हा युक्तिवाद स्वतःभोवती फिरतो.

परदेशांचा इतिहास वापरताना एखाद्या वर्षाचे चित्र दाखवू नये, वळणे दाखवावीत. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विद्यापीठीय शुल्क रद्द केले आणि १९८९ मध्ये ते वेगळ्या रूपात परत आणले : वर्षाला १,८०० डॉलर, पण शिकताना भरण्याची सक्ती नाही, नोकरी लागून उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर करासोबत वसुली. इंग्लंडमध्ये १९९८ साली १,००० पौंड शुल्क लागू झाले, ते २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पौंडांच्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचले. ‘थोडेसे शुल्क’ थोडेसे राहत नाही, हे सांगण्यासाठी अनुकूल बाजूला याहून चांगला दाखला नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना शुल्क नाही, मात्र सरकार पैसे देत असल्यामुळे त्यांच्या जागांची संख्याही सरकारच ठरवते. शुल्क गेले की जागांवर मर्यादा येते, हा धागा प्रतिकूल वक्त्याने येथे पकडावा.

कायद्याचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपावा. संविधानाच्या कलम २१-क नुसार मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वर्षांपुरता आहे, आणि त्यापुढील शिक्षणाबाबत कलम ४१ राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घालते. उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयाच्या चौदा वर्षांनंतरचा हक्क याच मर्यादेत मानला. त्यामुळे ‘संविधानानेच उच्च शिक्षण मोफत दिले आहे’ असे विधान चुकूनही करू नये.

महाराष्ट्रापुरते बोलताना आणखी एक गाठ सोडवावी लागते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि जागा झपाट्याने वाढल्या त्या तेथून. आज ‘मोफत’ म्हटले की सरकार एक तर अशा संस्थांचे शुल्क भरते किंवा स्वतःची महाविद्यालये वाढवते. पहिल्या पर्यायात सरकारी पैसा खासगी संस्थेकडे जातो आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने किती शुल्क मान्य केले यावर तिजोरीचा भार ठरतो; दुसऱ्यात इमारती आणि प्राध्यापक भरती आली, जी वर्षानुवर्षे रखडते. आपण कोणता पर्याय सुचवतो, हे अनुकूल वक्त्याने ठरवून ठेवावे, कारण परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

दुसरा प्रश्न वसतिगृहांविषयी येतो, तेव्हा शाहू महाराजांची आठवण ठेवावी. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवले, ते मुलाच्या जेवणाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे हे ओळखूनच. आजची विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी रक्कम देणारी स्वाधार योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना त्याच वाटेवरच्या आहेत. एकच रक्कम उपलब्ध असेल तर ती सर्वांच्या शुल्कमाफीवर खर्च करावी की निम्म्या विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणावर, हा प्रश्न संघातील दोघांनी एकमेकांना विचारून पाहावा आणि पावतीमागे मांडलेला तो कागद समोर ठेवून त्याचे उत्तर तोंडी, घड्याळ लावून, दोन मिनिटांत द्यावे.