गाडीचा पोचा आणि चरे घरीच काढायचे असतील तर

गाडीला चरा पडला की बरेच जण थेट मॅचिंग रंगाचा स्प्रे आणतात, त्यावर फवारतात आणि झालं म्हणून मोकळे होतात, मग उन्हात गाडी उभी केली की तो पॅच असा काही डोळ्यात येतो की आधीचा चरा बरा होता असं वाटायला लागतं. कारण रंग काहीच झाकत नाही. प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मॅट असतो म्हणून त्याच्याखालचे खड्डे लपतात, पण वर क्लिअर कोटची म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराची चमक आली की एकूण एक रेघ वर येते. तेव्हा घरी काम करायचं तर बहुतेक वेळ रंगाच्या आधीच जाणार हे धरून चाला, फवारणी शेवटी तासा-दोन तासांची असते.

पहिलं काम गाडी धुवायचं, आणि मग नुकसान किती खोल आहे ते बघायचं. पत्र्यावर सगळ्यात खाली कारखान्यात चढवलेला गंज अडवणारा थर, त्यावर प्राइमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडं जास्त. चऱ्यावर पाणी टाका. ओलं असेपर्यंत चरा दिसेनासा होत असेल आणि नखही अडकत नसेल तर तो क्लिअर कोटमध्येच आहे, रबिंग कंपाउंड आणि पॉलिशवर निघून जाईल, पुढचं काही करायची गरजच नाही. नख अडकतंय, किंवा आतून राखाडी प्राइमर नाहीतर चमकता पत्रा दिसतोय, तर मग रंग लावावाच लागेल. दगड लागून बारीक टवका उडाला असेल तर टचअपची छोटी बाटली आणि बारीक ब्रश पुरे, एका टवक्यासाठी अख्खा दरवाजा घासत बसू नका.

लोहचुंबकही हाताशी ठेवा. चिकटला तर लोखंडी पत्रा, नाही चिकटला तर प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम, किंवा आधी कुणीतरी तिथे जाड पुट्टी (खड्डा भरायचा लगदा) भरून ठेवलीय. हा तिसरा प्रकार जुन्या गाडीत बराच निघतो.

घरी करू नये अशीही कामं आहेत. दरवाजाखालचा सिल, छताचे खांब, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, इथला गंज किंवा वाकलेपणा हा रंगाचा विषयच नाही, गाडीच्या मजबुतीचा आहे. एअरबॅगच्या जवळ ठोकाठोकी नको. आणि काही नव्या गाड्यांत बंपरच्या मागे रडार सेन्सर असतो, त्याच्यासमोर पुट्टीचा किंवा रंगाचा जाड थर बसला की सेन्सर गडबडू शकतो, त्यामुळे तो भाग कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत बघूनच हात घाला.

आता पोचा. प्लॅस्टिकचा बंपर चेपला असेल आणि रंगाला तडा गेला नसेल तर कडकडीत पाणी ओतून मागून हाताने दाबा, बऱ्याचदा टक् करून जागेवर येतो (हातमोजे घाला, भाजतं). पत्र्याचा उथळ, गोलसर पोचा सक्शन कपने ओढता येतो किंवा आतलं ट्रिम काढून मागून दाबता येतो. धारदार घडी पडलेली असेल तर तिथे पत्रा ताणला गेलेला असतो, तो पूर्ण सपाट होणार नाही, आणि जोर लावून ठोकत राहिलात तर अजून ताणेल. कडेकडून मध्याकडे, हलक्या हाताने. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, जागा किंचित खोल राहिली तर चालते पण उंच राहिलेली चालत नाही. खड्डा पुट्टीने भरतो, उंचवटा मात्र पुट्टीने झाकायला गेलं तर आजूबाजूला सगळीकडेच थर चढवत बसावं लागतं.

गंज असेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचा, वायर ब्रश आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). रंगाला फुगे आलेले असतील तर गंज बाहेर दिसतो त्यापेक्षा जास्त पसरलेला असतो, म्हणून फुग्याच्या बरंच बाहेरपर्यंत जा. स्क्रूड्रायव्हरचं टोक आरपार गेलं तर तिथे पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच उपाय, भोक पुट्टीने बुजवलं तर मागून ओल येते आणि पुट्टी सुटते. उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच सोडू नका, दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते.

पुट्टी लावायच्या आधी एक काम लोक टाळतात ते म्हणजे कडा उतरवणं. चऱ्याच्या किंवा पोच्याच्या भोवतीचा जुना रंग 80 ने आणि मग 180 ने असा घासायचा की पत्रा, प्राइमर, रंग, क्लिअर हे सगळे थर एकामागून एक पट्ट्यांसारखे दिसले पाहिजेत, प्रत्येक पट्टी बोटभर रुंद. पट्ट्या अगदी अरुंद असतील तर तिथे पायरी आहे, आणि ती पायरी शेवटी रंगातून गोल रेघ होऊन दिसणार म्हणजे दिसणार. डोळे मिटून तळहात फिरवा, बोटांची टोकं नाही, तळहात. मध्ये पातळ कापड धरलं तर अजून नीट कळतं.

पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर (पुट्टी कडक करणारी पेस्ट) वजनाच्या साधारण 2 टक्के पडतो, डब्यावर जे दिलंय ते अंतिम. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर टाकायचा मोह आवरा, तो नंतर रंगातून डाग होऊन वर येतो, आणि कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. एकदा मिसळली की हातात चारपाच मिनिटंच असतात, म्हणून लिंबाएवढी घ्या, रंग एकसारखा होईपर्यंत पात्याने दाबत मिसळा, घोटून फेसाळू नका कारण हवा अडकते आणि घासल्यावर तिथे सुईएवढी भोकं निघतात. पहिला हात पातळ आणि दाबून, पत्र्यात मुरवल्यासारखा, मग वरचा. एकूण थर दोनतीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर पोचा अजून नीट काढायला हवा होता असं समजा.

वीस-तीस मिनिटांनी घासायला घ्या. नुसत्या बोटांनी कधीच घासू नका, बोटांच्या खुणा नालीसारख्या उतरतात, लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला पेपर लावा आणि तिरकं-तिरकं, दोन्ही बाजूंनी, 80, 180, 320 असं जा. पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. मध्ये काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा वरून उडवा आणि परत ठोकळा फिरवा: जिथे काळं राहिलं तो खड्डा, जिथे लगेच पत्रा उघडा पडला तो उंचवटा. अंदाजाने घासण्यात जो वेळ जातो त्याच्या निम्म्यात हे होतं, खरं सांगायचं तर या एका युक्तीवर घरचं काम आणि दुकानातलं काम यातला बराचसा फरक मिटतो. घासताना धुळीचा मास्क हवाच.

मग पुसणं. मेणाचा, तेलाचा, सिलिकॉनवाल्या डॅशबोर्ड पॉलिशचा जरासा अंश राहिला तरी रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावायचा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचा, त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. मास्किंग करताना टेप दुरुस्तीच्या अगदी काठाला लावू नका, तिथे कडक रेघ तयार होते, पॅनेलच्या नैसर्गिक जोडापर्यंत किंवा घडीपर्यंत जा आणि टायर, काच, शेजारचा दरवाजा सगळं झाका, रंगाचा धुरळा वाटतो त्याच्यापेक्षा लांब जातो.

प्राइमर दोनतीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. प्लॅस्टिक असेल तर त्याआधी प्लॅस्टिक प्राइमर, नाहीतर पोपडे निघतील. पूर्ण वाळल्यावर 600 किंवा 800 चा वॉटर पेपर म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाणी लावून. इथे पुट्टी किंवा पत्रा परत उघडा पडला तर तिथे परत प्राइमर, घाई नको.

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बहुतेक दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर. पण जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून आधी एखाद्या पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि वर क्लिअर मारून तो गाडीला लावून उन्हात बघा. क्लिअरशिवाय बघून काही कळत नाही. डबा कोमट पाण्यात (गरम नको, फुटेल) थोडा वेळ ठेवला की फवारा एकसारखा येतो, आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात पॅनेलला समांतर, फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिल्या हातात खालचं दिसलं तर दिसू द्या, जाड मारलात तर ओघळ येतात. मेटॅलिक रंगात आतले चमकदार कण कसे बसतात त्यावर छटा बदलते, म्हणून शेवटचा हात थोडा लांबून, हलका, आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा जरा बाहेरपर्यंत न्यायचा म्हणजे कड विरघळते. क्लिअर मात्र अख्ख्या पॅनेलला, त्याआधी जुना क्लिअर 1000 ने मंद करून घ्या. चंदेरी किंवा मोतिया रंगाचा दरवाजा मधोमध दुरुस्त करून कुणाला कळणार नाही अशी अपेक्षा ठेवू नका, पांढरा साधा रंग खूप सोपा जातो.

क्लिअर कोट साधा, हार्डनर न लागणारा मिळतो आणि हार्डनर मिसळायचा, म्हणजे दोन घटकांचा टूके (2K) मिळतो. टूके टणक होतो, पेट्रोल सांडलं तरी टिकतो, पण त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याने कायमचा दमा लागू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याच्यापुढे काहीच नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी साधाच क्लिअर वापरा, तोही हवेशीर जागेत, ऑरगॅनिक व्हेपरचा म्हणजे थिनरची वाफ अडवणारा कार्ट्रिज मास्क लावून, आणि आसपास गीझर, शेगडी, सिगरेट काही पेटतं नको. पावसाळी दमट दिवशी मारलात तर क्लिअर दुधाळ होतो, तेव्हा कोरडा, वारा नसलेला दिवस निवडा.

ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका, वाळू द्या. काही दिवसांनी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत वाटला किंवा धूळ बसलेली दिसली तर 1500, मग 2000 चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, मग कंपाउंड आणि पॉलिश. कडांवर आणि घडीवर हात हलका, तिथेच क्लिअर आधी संपतो. आठवडाभर गाडी धुवू नका आणि मेण महिनाभर तरी नको, आतलं थिनर बाहेर पडायला वाव हवा. स्प्रेचे डबे ठेवून देण्याआधी उलटे धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नाहीतर पुढच्या टवक्याच्या वेळी नोझल चोंदलेलं असेल.