नवा लूक हवाय? आधी केसांचा इतिहास सांगा: कट, कलर आणि स्टाइलमधल्या या चुका टाळा

सलूनमध्ये माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते: गेल्या तीन वर्षांत या केसांना काय काय लावलंय? बहुतेकांना हा प्रश्न उगाचचा वाटतो. त्यांना नव्या लूकबद्दल बोलायचं असतं आणि मी जुनंच उकरत बसते. पण डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 40 सेंटिमीटर लांब केसाचं टोक जवळपास तीन वर्षांपूर्वी मुळातून बाहेर आलेलं असतं. त्या तीन वर्षांतला प्रत्येक रंग, प्रत्येक स्ट्रेटनिंग, रोजची गरम प्लेट, सगळं त्या टोकाने सोसलेलं असतं. मुळाजवळचा केस मात्र कोरा. आणि आपण दोघांना एकच मिश्रण लावून एकसारखा रंग येईल अशी आशा धरतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणारी बरीचशी डोकी इथेच फसलेली असतात.

"काही नाही हो, फक्त मेंदी"

हे वाक्य ऐकलं की मी हातातला ब्रश खाली ठेवते. मध्यंतरी एक ताई आल्या होत्या. कंबरेपर्यंत काळेभोर केस, त्यात हलक्या तपकिरी हायलाइट्स हव्या होत्या. "याआधी काही लावलंय का?" तर म्हणाल्या, "काही नाही हो, फक्त मेंदी. काळी, पुडीतली." मी मानेजवळून, आतल्या थरातली एक बारीक बट कापली, एका टोकाला दोरा बांधला आणि ब्लीचचं मिश्रण कालवून प्लास्टिकच्या वाटीत ती बुडवून ठेवली. थोड्या वेळात वाटी हाताला कोमट लागायला लागली. मिश्रणाला बुडबुडे आले, उग्र वास सुटला. बट धुऊन दोन बोटांत हलकेच ओढली, तर ती मधूनच तुटून आली. ताई बघतच राहिल्या. त्या दिवशी आम्ही फक्त कट केला.

असं होण्याचं कारण समजून घ्या. निव्वळ मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि त्याचा रंग येतो तांबूस-नारिंगी. मेंदी एकटी काळा रंग देऊच शकत नाही. तो काळेपणा येतो निळीच्या पाल्यामुळे, पीपीडी नावाच्या रसायनामुळे किंवा धातूंच्या क्षारांमुळे. धातूंच्या क्षारांची ब्लीचच्या मिश्रणातल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो आणि तुटतो. निळीवर ब्लीच केलं तर केसावर हिरवट छटा उमटू शकते. म्हणून मेंदी लावत असाल तर लपवू नका, पुडीवरचा घटकांचा मजकूर वाचा आणि बटेवरची चाचणी झाल्याशिवाय कुणालाही डोक्यावर ब्लीच लावू देऊ नका. दहा रुपयांची असो की महागडी, "हर्बल" हा शब्द छापलेला आहे एवढ्यावर विसंबू नका.

रंगाने रंग उतरत नाही

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबते. केस आधी गडद रंगवलेले आहेत. आता हलका तपकिरी हवा. मग खोक्यावरची हलकी शेड आणून लावली जाते आणि होतं काय, तर मुळाजवळचे दोन सेंटिमीटर उजळतात, खालचा सगळा केस होता तसाच राहतो. डोक्यावर उजळ पट्टा दिसतो. कारण पर्मनंट रंगातलं पेरॉक्साइड केसातला नैसर्गिक रंग, म्हणजे मेलॅनिन, थोडाफार उजळवू शकतं, पण आधी भरलेला कृत्रिम रंग उचलू शकत नाही. त्यासाठी कलर रिमूव्हर किंवा ब्लीच लागतं, आणि ते काम घरच्या आरशासमोर करण्याचं नाही.

दुसरी गोष्ट: खोक्यावरचा फोटो तुमच्या केसांचा नसतो. गडद केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्यांनी उजळतो. मध्येच थांबलात तर नारिंगी दिसणारच. ते बिघडणं नाही, ती वाटेतली पायरी आहे. पण ते बघून घाबरलेली माणसं लगेच आणखी ब्लीच लावतात, तेही 40 व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये, म्हणजे पेरॉक्साइडच्या द्रावणात, कालवून. डेव्हलपरचे आकडे नीट लक्षात ठेवा: 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. जास्त आकड्याने काम चांगलं होतं असं नाही, फक्त घाई होते आणि टाळू भाजण्याची भीती वाढते. कमी ताकदीचं मिश्रण लावून धीराने वाट पाहिली तर केसाचा जीव वाचतो.

नारिंगीवर उपाय टोनरचा, म्हणजे नको असलेली छटा मारणाऱ्या हलक्या रंगाचा. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात: नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, लालला हिरवा. त्यामुळे नारिंगी केसांवर जांभळा शाम्पू घासत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो पिवळेपणासाठी आहे. नारिंगीसाठी निळ्या छटेचं उत्पादन घ्या. आणि टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो, तेव्हा तो पुन्हा करावा लागेल हे आधीच गृहीत धरा.

उलट दिशेलाही फसगत होते. ब्लीच केलेले केस पुन्हा गडद करायचे म्हणून थेट अ‍ॅश तपकिरी (राखाडी झाकेची) लावली की केस शेवाळी, मळकट दिसतात. उजळताना केसातला तांबूस पाया निघून गेलेला असतो. आधी तो पाया सोनेरी-तांबूस रंगाने भरून घ्यावा लागतो, मग गडद शेड. हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून असं काम करून घेऊ नका.

मुळं उजळ, टोकं गडद

घरी रंगवताना ब्रश सगळ्यात आधी भांगात टेकतो. टाळूच्या उबेमुळे मुळाजवळचा साधारण सेंटिमीटरभर केस लवकर प्रक्रिया पावतो, म्हणून केस उजळवायचे असतील तर मधली लांबी आधी आणि मुळं शेवटी. फक्त रूट टच-अप करायचा असेल तर रंग वाढलेल्या भागापुरताच ठेवा. दर वेळी टोकापर्यंत ओढलात तर सच्छिद्र टोकं रंग पीत जातात आणि सहा महिन्यांत काळीठिक्कर होतात.

पॅच टेस्टला सुट्टी नाही

"मी दहा वर्षं हाच रंग लावतेय" असं म्हणून पॅच टेस्ट टाळणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं: अ‍ॅलर्जी दहाव्या वर्षीही होऊ शकते. पीपीडीची संवेदनशीलता एकदा शरीरात तयार झाली की ती जात नाही, पुढच्या वेळी त्रास वाढूनच होतो. काळ्या तात्पुरत्या टॅटूने कधी खाज आली असेल तर जास्तच सावध राहा, त्यातही बरेचदा हेच रसायन असतं. "अमोनिया-फ्री" लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असा अर्थ होत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रंग लावण्याच्या 48 तास आधी, खोक्यातल्या सूचनेप्रमाणे, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो रंग टाकून द्या. रंगवल्यावर पापण्या किंवा चेहरा सुजायला लागला तर डॉक्टर गाठा, आणि श्वास अडकत असेल तर क्षणाचाही उशीर करू नका.

कात्री लागण्याआधी

कटच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ "दोन इंच" या शब्दांनी होतो. तुमचे दोन इंच आणि कात्रीवाल्याचे दोन इंच सारखे नसतात. आकडा सांगू नका, बट हातात धरून बोटाने दाखवा: इथपर्यंत. आणि केस कोरडे असताना दाखवा. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो. कुरळे केस तर वाळल्यावर इतके वर चढतात की ओल्यात हनुवटीला टेकणारी बट कानाच्या पाळीशी येऊन थांबते. कुरळ्यांचा कट शक्यतो कोरड्यावरच करून घ्या, किंवा निदान शेवटचा हात तरी कोरड्यावर फिरू दे.

फ्रिंज म्हणजे बँग्ज कापण्याआधी कपाळावरच्या केसांच्या रेषेत भोवरा आहे का ते पाहा. आरशासमोर केस ओले करा, पुढे ओढा आणि हात न लावता वाळू द्या. एखादी बट हट्टाने उभी राहिली किंवा मधोमध दोन बाजूंना फाकली, तर तिथे भोवरा आहे. अशा कपाळावर सरळ, भुवयांपर्यंतची फ्रिंज रोज सकाळी ब्लो ड्राय मागेल. लांब, बाजूला वळणारी फ्रिंज मात्र छान बसते. मला स्वतःला ती जास्त आवडते.

फोटो जरूर न्या, पण एकाऐवजी तीन न्या, आणि त्यातला एक नावडत्या कटचा असू दे. काय नको ते कळलं की काम निम्मं सोपं होतं. फोटोतल्या व्यक्तीच्या केसांची घनता आणि पोत तुमच्यासारखे आहेत का, हे विचारून घ्या. पातळ केसांना खूप लेअर्स दिल्या की खाली शेपटीसारखे चार केस उरतात. शिवाय रोज केस वर बांधायची सवय असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर पुढच्या छोट्या लेअर्स दिवसभर रबरातून निसटत राहतील.

एकाच आठवड्यात सगळं नको

स्ट्रेटनिंग आणि पर्मिंग केसाला मजबुती आणि आकार देणारे डायसल्फाइड बंध तोडून पुन्हा जोडतं. ब्लीचही त्याच बंधांना इजा करतं. दोन्ही लागोपाठ केलं की केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो. आधी हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर (केस सरळ करणारं एक रसायन) झालेल्या केसांवर थायोग्लायकोलेटचं (पर्मिंग-स्ट्रेटनिंगमधलं दुसरं रसायन) काही लावणं तर पूर्ण टाळा. कुठलंही रसायन लावण्याआधी एक ओला केस ओढून पाहा: थोडा ताणून परत आला तर ठीक, ताणलेलाच राहिला किंवा पटकन तुटला तर काही महिने थांबा.

केराटिन ट्रीटमेंट किंवा स्मूदनिंग करताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर त्यात फॉर्मल्डिहाइड सोडणारा घटक असू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. उत्पादनाचं नाव विचारा, खिडक्या उघडायला सांगा, शंका वाटली तर उठून या. त्यात भीडभाड कसली?

ओल्या केसांवर गरम प्लेट कधीच नको. आतलं पाणी उकळून केसात पोकळ फुगे होतात आणि तिथेच तो मोडतो.

फसलंच तर

रात्री अकरा वाजता आरशासमोर उभं राहून दुसरं खोकं उघडू नका. मला दुरुस्तीला सगळ्यात जड जाणारी डोकी ही एका चुकीची नसतात, एका रात्रीत लागोपाठ केलेल्या तीन प्रयत्नांची असतात. केस धुवा, कंडिशनर लावा आणि झोपा. सकाळच्या उजेडात फोटो काढा, कारण बल्बखाली नारिंगी जास्तच दिसतो.

रंग अपेक्षेपेक्षा गडद झाला असेल तर पहिल्या काही दिवसांत साध्या, गाळ काढणाऱ्या शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर थोडा उतरतो. फ्रिंज फार आखूड झाली असेल तर ओली असतानाच हेअर ड्रायरची हवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे देत सपाट वाळवा म्हणजे ती उडणार नाही, आणि बाजूला वळवून पिनेने बसवा. भुवयांपर्यंत पोहोचायला दोन-तीन महिने लागतील. मध्ये पुन्हा कात्री लावून "सारखी" करायला जाऊ नका.

आणि जे काही लावलं त्याच्या खोक्याच्या कडेचा फोटो काढून ठेवा: शेड नंबर, डेव्हलपरचा आकडा, तारीख. मोबाइलमध्ये "केस" नावाचा एक अल्बम पुरेसा आहे. माझ्यासमोर कुणी असा अल्बम उघडला की मला अर्धा तास प्रश्न विचारावे लागत नाहीत, बट कापायची वेळही क्वचित येते, आणि आम्ही थेट कामाला लागतो.