बॅक्टेरियाची बाटली ओतली तरी मासे मेले? या चुका टाळा

टाकी, खडे, फिल्टर आणि बॅक्टेरियाची बाटली (पाण्यातली घाण पचवणारे जिवंत बॅक्टेरिया भरलेली) सकाळी घरी येते, संध्याकाळी मासे येतात आणि चार-पाच दिवसांनी मला फोन येतो, 'काका, मासे वर येऊन तोंड मारायलेत.' बाटलीला शिव्या देण्याआधी आपण काय केलं ते बघा.

त्याच दिवशी मासे सोडणे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सौम्य. हे बॅक्टेरिया स्पंजवर, खड्यांवर चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. नुसती टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. चांगली बाटली त्यातला बराच वेळ वाचवते, पण अर्ध्या तासात काही होत नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या एका ओळखीच्यांनी मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी घेतली. दुकानदार म्हणाला, एक झाकण ओता आणि सोडा मासे. यांनी आठ गोल्डफिश सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मग आणखी दोन झाकणं. तरी फरक नाही म्हणून सगळं पाणी काढलं आणि स्पंज नळाखाली ब्रशने घासून काढला! मी गेलो तेव्हा मासे फिल्टरच्या धारेखाली गोळा झालेले, शेपटीवर लाल रेघा. अमोनियाची टेस्ट गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. बाटलीवर बारीक अक्षरात 'बॅसिलस' लिहिलेलं. ते गाळ खाणारे बॅक्टेरिया, अमोनिया संपवणं हे त्यांचं कामच नाही. खाणं बंद केलं, रोज अर्धं पाणी बदललं आणि माझ्या जुन्या टाकीतला मळका स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून पिशवीतून नेऊन बसवला. निम्मे मासे वाचले. माझ्या मते निरोगी टाकीतला असा स्पंज कुठल्याही बाटलीपेक्षा भारी, आणि फुकट.

बॅक्टेरियाला उपाशी ठेवणे

दुसरे शहाणे उलटं करतात. बाटली ओततात आणि रिकामी टाकी महिनाभर चालू ठेवतात. अमोनिया नाही तर बॅक्टेरियाने खायचं काय? मी अमोनियम क्लोराइड घालतो, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. मात्र बाजारातला ढेकूळ नको, केमिकलच्या दुकानातला शुद्ध घ्या. ५० लिटरला साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया. दागिन्यांच्या काट्यावर मोजा, चिमटीने नको. ५ पीपीएमच्या वर गेलं की काम उलट अडतं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, की अर्ध्याहून जास्त पाणी बदलून मासे आणा. टेस्ट किट महाग वाटतं त्यांना गोल्डफिश स्वस्त वाटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

नळाचं पाणी थेट

राकसकोप धरणाचं असो वा हिडकलचं, नळाला क्लोरीन असतंच, आणि पावसाळ्यात ब्लिचिंगचा वास बादलीतूनच येतो. जे जंतू मारायला घालतात ते आपल्या बाटलीतले जंतू सोडेल होय? आधी अँटिक्लोरिन (क्लोरीन घालवणारं औषध), मग बाटली. बोअरच्या पाण्याला क्लोरीन नसतं, पण पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते) तपासा. तो जास्त असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

बाकीच्या

मे महिन्यात बसच्या डिकीतून आलेली किंवा दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका.

ओतण्याआधी बाटली जोरात हलवा, सगळा माल तळाशी असतो.

जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर काही दिवस बंद.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी टाकीतही उतरते. हीटर लावून २६-२८ अंश ठेवा, नाहीतर बॅक्टेरियाही गारठून बसतात.

आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करणाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत झोपावं. या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो. खानापूर बाजूला लाईट तासन्‌तास जाते, तिथे बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, बाटली नंतर.