जुन्या पेजमेकरसाठी नव्या संगणकात एक्सपी

गिरगावात आमचं डीटीपीचं काम चालतं. गणपतीआधी मंडळांच्या स्मरणिका, तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका. पुष्कळ जण जुनीच पत्रिका पुढे करतात, 'फक्त नावं बदला' म्हणतात. ती फाइल असते पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली, युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फॉन्टातली. त्यातला मजकूर उचलून वर्डमध्ये टाकला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा नुसता काला होतो. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा नव्या संगणकाच्या पोटात जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक ठेवा, असं मी आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला सांगते.

असा पोटातला संगणक (व्हर्च्युअल मशीन) बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू उघडा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' डिसेबल्ड दिसलं तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करा; इंटेलवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने असतं. रॅम ८ जीबी असली तरी भागतं. त्याहून कमी असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन आधी ती वाढवून घ्या.

एक्सपीची स्वतःची सीडी आणि लायसन्स की हवी. व्हर्च्युअल मशीनला १ जीबी रॅम आणि २० जीबीची डायनॅमिक डिस्क द्या, म्हणजे वापराल तेवढीच जागा अडते. डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवरच ठेवा. साटा या नव्या पद्धतीचा एएचसीआय ड्रायव्हर एक्सपीकडे मुळात नसतो, इन्स्टॉलेशन तिथेच अडतं. मग गेस्ट अॅडिशन्स (शेअर्ड फोल्डर वगैरे चालवणारी व्हर्च्युअलबॉक्सची जोडणी), पेजमेकर आणि फॉन्ट बसवा.

आता व्हर्च्युअल मशीनचा नेटवर्क अॅडॉप्टर बंद करा. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. त्यावर ईमेल उघडणं, पेनड्राइव्ह लावणं माझ्याकडे कुणालाच चालत नाही. फायली शेअर्ड फोल्डरमधूनच, म्हणजे बाहेरच्या विंडोजवरच्या एक्सपीलाही दिसणाऱ्या फोल्डरमधून, आत-बाहेर करायच्या. काम करताना मात्र फाइल आधी आतल्या सी ड्राइव्हवर घ्या, झाली की परत ठेवा.

छपाईसाठी एक्सपीत एखाद्या पोस्टस्क्रिप्ट (छपाईची पानं लिहायची भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर बसवा. खरा प्रिंटर नसला तरी चालतं. पोर्ट 'फाइल' निवडा. प्रिंट दिलं की पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार होते. ती बाहेरच्या विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करून प्रेसला पाठवा. एकदा झूम करून जोडाक्षरं आणि रफार तपासा. 'श्री' किंवा 'र्य' बिघडला तर फॉन्ट फाइलमध्ये उतरलेला नाही असं समजा आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट डाउनलोड करायला सांगा.

सगळं जमलं की लगेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या आणि नाव नीट द्या, 'फॉन्टसकट तयार' असं. पुढे काही बिघडलं तर तिथे परतता येतं. पण तेव्हा आतल्या डिस्कवरचं नंतरचं कामही पुसलं जातं, म्हणून पत्रिका कायम शेअर्ड फोल्डरमध्येच हव्यात.

रोज एक्सपी शटडाउन करत बसू नका. खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. दुसऱ्या दिवशी पेजमेकर त्याच पानावर उघडा मिळतो. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबून वेगळा डेस्कटॉप काढा, एक्सपी तिकडे ठेवा, विंडोज आणि कंट्रोलसोबत बाणाची की दाबून ये-जा करा. माउस आत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा.

आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, तो बॅकअप नव्हे. मशीन पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. सीझन सुरू व्हायच्या आधी हे करूनच टाका.