गावच्या झाडा-भाज्यांच्या यादीत गट कसे पाडायचे

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावच्या जैवविविधता समितीला लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-जनावरांची अन् त्यांच्या माहितीची वही, करावी लागते, अन् घोडं अडते ते नावं जमवण्यात नाही तर कोणतं नाव कोणत्या गटात टाकाचं यात.

तर आधी गट पाडूच नका. चिठ्ठ्यांवर नावं लिहा, समाजमंदिरात पसरवा अन् म्हाताऱ्या बायांना म्हणा, लावा ढीग. आता तरोटा घ्या, डवरणीवाला (पिकात कोळपणी करणारा) म्हणते तण, बाई म्हणते पावसाळ्यातली भाजी, अन् दोघंही बरोबर आहेत बाप्पा! म्हणून मुख्य गट एकाच गोष्टीवरून, वाढीच्या ठेवणीवरून ठरवा, म्हणजे झाड, झुडूप, रोपटं, वेल, गवत, अन् भाजी, औषध, चारा, तण हे सगळं बाजूच्या रकान्यात, तिथं एका नावाला तीन-तीन खुणा चालतात. मोह झाडातच राहते, फुलं वेचतात ते खुणेत येते.

प्रत्येक गटापुढं एक ओळ लिहा, काय येते अन् काय नाही येत. हात वर करून मतदान शक्यतो नको, ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालते. वादाची नावं 'ठरायचं आहे' मध्ये राहू द्या. 'इतर' लय फुगलं की समजा नवा गट लागते.

मंग वही एकाच्या हाती द्या, बदल मात्र बैठकीत, तारीख अन् कारण टाकून. जुनं नाव खोडू नका, बाजूला नवीन लिहा, नाहीतर पोरं तेच झाड दुसऱ्यांदा नोंदवतात.